बिनखिळ्याची भिंत

मिस्त्रींनी आजवर हजारो भिंती उभ्या केल्या होत्या आणि त्यांतील एकाही भिंतीने चौथा दिवस पाहिला नव्हता. ह्यात त्यांच्या कारागिरीचा काडीमात्र दोष नव्हता; त्यांचा धंदाच तसा होता. मोठमोठ्या सभागृहांतून यंत्रांची, कापडांची, भांड्याकुंड्यांची प्रदर्शने भरतात. तेथे प्रत्येक दुकानदाराला तीन दिवसांपुरती एक खोली लागते. ती खोली उभी करून देणारे आणि तिसऱ्या संध्याकाळी पाडून गाडीत भरणारे ते सुतार होते. बावीस वर्षे दुसऱ्यांना खोल्या देत आलेल्या ह्या गृहस्थावर पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी खोली धुंडाळत दारोदार हिंडण्याची पाळी आली, ह्याला काय म्हणावे?

घडले होते ते असे. त्यांची पत्नी इस्पितळात परिचारिका होती आणि ज्या दोन खोल्यांत त्यांचा संसार चालला होता त्या तिच्या नोकरीमुळे मिळालेल्या होत्या. नवराबायको विभक्त झाली. पत्नीने परगावच्या इस्पितळात बदली मागून घेतली, तिला तेथे नवे घर मिळाले आणि जुन्या घराची किल्ली इस्पितळाच्या कचेरीत जमा झाली. मिस्त्री आपली हत्यारांची पेटी व एक वळकटी घेऊन ठेकेदाराच्या गोदामात राहावयास गेले. भांडण मोठे असे कधी झालेच नाही. जाताना ती एवढेच म्हणाली होती, "चारचौघांत तुझ्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही. पण चारचौघं घरी गेली ना, की मला नुसती तुझी पाठ दिसायची."

राहता राहिली मुलगी. ती दहा वर्षांची होती. सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असे म्हणून सर्व तिला मुंगी म्हणत. मुंगीला शाळा बदलायची नव्हती. आईच्या रात्रपाळ्यांत एकटीने कडी लावून झोपायचे नव्हते. आईनेही आडमुठेपणा केला नाही. "तुझ्याजवळ राहते म्हणते तर राहू दे," ती म्हणाली, "पण फळ्यांच्या ढिगावर माझी मुलगी झोपणार नाही. आधी घर दाखव." न्यायालयाच्या कागदावर हेच शिष्ट भाषेत लिहून आले: मुलीस झोपण्यासाठी व अभ्यासासाठी दार लावता येईल अशी स्वतंत्र जागा असावी, पाहणीस बाई येतील, जागा नसल्यास मुलगी आईकडे राहील. तो कागद मिस्त्रींनी इतक्या वेळा उघडला आणि मिटला, की घडीवरची अक्षरे पुसून गेली. तथापि जी राहिली ती पुरेशी होती.

सुटीचे दोन महिने मुंगी आईकडे होती. तेवढ्या अवधीत घर मिळवणे भाग होते.

दलाल म्हणून जो इसम भेटला तो बोलका होता. जाड चष्म्यातून मिस्त्रींना नखशिखांत न्याहाळून त्याने वही उघडली.

"माणसं किती?"

"दोन. मी आणि मुलगी."

"आणि मंडळी?"

"परगावी असतात."

"म्हणजे येऊन-जाऊन?"

"येतही नाहीत आणि जातही नाहीत. वेगळे झालोय आम्ही."

दलालाने वही मिटली. "हे अवघड केलंत, मिस्त्री. बायको वारली असती तर गोष्ट वेगळी. मालक लोकांना विधुर चालतो. विधुराची दया येते."

"मग काय आता तिला मारून येऊ?"

"तसं नव्हे हो! रागावू नका. बाजारात काय चालतं ते सांगतो मी."

बाजारात काय चालत नाही ह्याचाही मिस्त्रींना लवकरच अनुभव आला. एका मालकाने विचारले, "तुम्ही कामावर गेल्यावर मुलगी कुणाकडे?" दुसऱ्याने मुलीची चौकशी न करताच मान हलवली. एक जागा मात्र मनाजोगती होती. दोन खोल्या, मधे दार, खिडकीत ऊन. परंतु तिचे भाडे ऐकून मिस्त्रींनी जी टोपी काढून हातात घेतली ती थेट रस्त्यावर येईपर्यंत डोक्यावर ठेवली नाही. ते भाडे दिल्यावर बापलेकींनी खायचे काय, भिंतींचा चुना? दोन खोल्या म्हणजे दोन पगारांची गोष्ट होती आणि पगार तर एकच उरला होता.

शेवटी शिवणकामाच्या एका दुकानावरची जागा मिळाली. दुकान आणि जागा, दोन्ही एकाच वयस्क बाईंची होती. जागा म्हणजे एकच लांबट खोली. एका टोकाला जिन्याचे दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. मालकीणबाईंनी गळ्यातल्या मोजपट्टीची टोके हातात धरून आपली अट सांगितली.

"नवरा-बायको काय ते मला विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचंही नाही. फक्त भिंतीला खिळा लागता कामा नये. मागच्या भाडेकरूनं इतके फोटो टांगले, इतके टांगले, की गिलाव्याचा एक पोपडा खाली माझ्या गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर. एक खिळा दिसला की तुमचं सामान जिन्यात."

"बाई, बावीस वर्षांत कुणाच्या भिंतीला मी खिळा मारलेला नाही."

"सुतार ना तुम्ही?"

"हो."

"मग लाकडाला काय गोंजारून उभं करता?"

"तसंच समजा."

आणि हे अक्षरशः खरे होते. सभागृहांचे मालक आपल्या फरशीला ओरखडाही सहन करीत नाहीत. म्हणून त्या धंद्यातील भिंत जमिनीला जखडलेली नसते. ती जमीन आणि छत ह्यांच्या मधे ताठ उभी असते. खाली लाकडाच्या दोन पाचरी एकमेकींसमोर ठेवतात आणि लाकडी हातोड्याने आलटून पालटून ठोकतात. पाचर आत सरकते तसतसा खांब वर उचलला जातो आणि छताला असा काही भिडतो की माणूस रेलला तरी हलत नाही. छताला डाग पडू नये म्हणून वर रबराचा तुकडा. मिस्त्री ह्या कामी जुन्या चपलांचे तळवे वापरीत.

ठेकेदाराने गोदामातले भिंतीचे सहा जुने लाकडी फलक आणि एक दाराची चौकट देऊन टाकली. सोबतच्या रंगाऱ्याने अर्धा डबा फिकट पिवळा रंग आणून ठेवला व म्हणाला, "हा बँकेच्या स्टॉलचा उरलाय. पोरीला पैसे साठवायची सवय लागेल."

मुंगीच्या सुटीतला शेवटचा आठवडा मिस्त्रींनी त्या एका भिंतीला वाहून घेतला. खिडकीकडची बाजू मुलीची, जिन्याकडची त्यांची. त्यांनी फलक घासले, फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या, सांध्यांवर नाजूक पट्ट्या बसवल्या, रंगाचे दोन हात दिले. दार तर असे बसवले की बोटाने ढकलावे आणि त्याने आवाज न करता मिटावे. आत मुलीसाठी एक खाट ठेवली आणि खिडकीखाली फळीचे टेबल लावले. काम पुरे झाले तेव्हा जिन्याच्या दारात उभे राहून त्यांनी पाहिले. पिवळ्या भिंतीवर जिन्यातून आलेला दुपारचा उजेड पडला होता. असे काम आपल्या हातून पूर्वी झाले नाही, असे त्यांना मनोमन वाटले, आणि ते खोटे नव्हते.

पाहणीचा दिवस शनिवार ठरला होता, वेळ अकराची. सकाळी नऊला मुलीची आई तिला जिन्यापर्यंत सोडावयास आली. ती वर आली नाही.

"पाहून तरी जा," मिस्त्री म्हणाले.

"मी पाहिलं तर मला आवडेल, नाही तर आवडणार नाही. दोन्हीचा उपयोग नाही. पाहणीच्या बाई पाहतील ते पुरे." मग जरा थांबून ती म्हणाली, "हे तिच्या कानाचं औषध, ठेव तुझ्याजवळ. ती सांगणार नाही, तूच घाल."

मुंगी मात्र एकेक पायरी गाळून वर पळाली. पिवळी भिंत पाहताच तिच्या तोंडून "आईशप्पथ!" असा उद्गार निघाला. तिने दारावर हात फिरवला, दार दोनदा उघडले, दोनदा लावले आणि आपली पिशवी ओढत आत गेली. दार मिटले. मिस्त्री बाहेर उभे राहून कान देऊन ऐकत होते. पिशवीची चेन वाजली. खाट करकरली. त्यानंतर बराच वेळ काही वाजले नाही.

"बाबा," आतून आवाज आला.

"काय गं?"

"ही मागची बाजू आहे ना?"

मिस्त्री आत गेले. आणि ज्या खोलीत त्यांनी आठ दिवस घालवले होते ती त्यांनी जणू त्या क्षणी प्रथम पाहिली. कच्च्या लाकडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या. वाळलेल्या सरसाचे ओघळ. जुन्या प्रदर्शनांतले खडूचे व शाईचे आकडे, 'उजवी ३', 'इकडून वर', आणि एका फलकावर त्यांच्याच हस्ताक्षरात ठळक लिहिलेले 'मागची बाजू, रंगवू नये'. मुलीची खाट त्या अक्षरांच्या बरोबर खाली होती.

प्रदर्शनात मागची बाजू कोणी पाहत नाही. तेथे एका स्टॉलच्या पाठीला दुसऱ्या स्टॉलची पाठ असते. बावीस वर्षे त्यांच्या हातांना एकच गोष्ट ठाऊक होती, की लोक ज्या दाराने आत येणार त्या दाराकडे भिंतीचे तोंड असते. हातांनी मुळी विचारलेच नव्हते. जिन्याचे दार पाहिले आणि त्या दिशेला तोंड करून ते मोकळे झाले. हातात रंगाचा ब्रश घेऊन त्या कच्च्या पट्ट्यांजवळून ते किती वेळा गेले असतील! खाट त्यांनीच तेथे ठेवली होती. तरीदेखील ते डोळ्यांना दिसले नाही.

"चालेल रे, बाबा," मुंगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी काय, झोपायलाच असणार आत. आणि ह्या पट्टीवर माझा कंपास राहतो. बघ."

तिने कंपासपेटी एका आडव्या पट्टीवर ठेवून दाखवली. ती घसरून खाली पडली.

मुलीने हट्ट केला असता, पाय आपटले असते, तर त्यांनी तिची समजूत घातली असती. परंतु येथे दहा वर्षांचे लेकरूच त्यांची समजूत घालीत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ. भिंत आहे तशी ठेवली तर पाहणीच्या बाई जिन्यातून येताच त्यांना पिवळे, घासूनपुसून ठेवलेले घर दिसेल. फिरवली तर दारातून प्रथम दिसेल सरस, आकडे आणि कच्चे लाकूड, म्हणजे पुन्हा एकदा गोदामच. कागदावरची ती अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली: जागा नसल्यास मुलगी आईकडे राहील. क्षणभर त्यांना असेही वाटले, की बाई येऊन जाऊ द्याव्यात आणि मग दुपारी भिंत फिरवावी. कोणाला कळणार होते? शहाणपणाचा विचार म्हणावा तर तोच होता.

पण त्या विचाराचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटला. आधी चारचौघे जाऊ द्यावेत, मग घरच्यांचे पाहू, हेच तर ते आयुष्यभर करीत आले होते.

"मुंगे," ते म्हणाले, "तो लाकडी हातोडा आण. आणि खाट खिडकीला लाव."

"कशाला?"

"भिंत फिरवायचीय. चांगली बाजू तुझ्याकडे."

"आत्ता? बाबा, त्या मॅडम येतील ना!"

"अकराला येतील. तोवर होतं."

प्रदर्शनात तीन गडी हाताशी असते तर ते काम तासात झाले असते. येथे गडी एकच, आणि दुसरी मुंगी. पाचरी सैल झाल्या, खांब उतरले, एकेक फलक पांगुळगाडा चालवावा तसा टेकत टेकत आडवा झाला. दाराची चौकट सोडवताना एक बिजागरी अडली आणि तिने पाऊण तास खाल्ला. मुंगी पाचरी गोळा करून ओळीने मांडीत होती. तिच्या केसांत भुसा आणि नाकाला खडू लागला होता. अकराला वीस मिनिटे कमी असताना जिन्यात पावले वाजली. मिस्त्रींना वाटले, मालकीणबाई असतील.

त्या मालकीणबाई नव्हत्या. दारात हातात फाइल घेतलेल्या मध्यमवयीन बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे एक लांब, उघडी खोली होती. तिच्यात खोलीसारखे काहीही नव्हते.

"मी जरा लवकर आले," त्या म्हणाल्या. एक पाऊल आत टाकून त्यांनी सभोवार पाहिले. "मुलीची स्वतंत्र खोली आहे असं तुम्ही अर्जात लिहिलंय. कुठे आहे?"

उत्तर मुंगीने दिले.

"मॅडम, तुम्ही माझ्या दारावर उभ्या आहात."

बाईंनी खाली पाहिले. त्या खरोखरच एका आडव्या पडलेल्या दारावर उभ्या होत्या. त्या घाईने बाजूला झाल्या, तर एका फलकावर. तेथून निघाल्या त्या सरळ हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसल्या, कारण बसण्यासारखे तेवढेच होते.

"ही सकाळपर्यंत उभी होती, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "मीच उतरवली."

"पाहणीच्या दिवशी?"

"हो."

"का?"

मिस्त्रींनी हातातल्या पाचरीकडे पाहिले. सांधा खराब होता, रंग ओला होता, अशी दोन-चार कारणे जिभेच्या टोकाशी तयार होती. ती सर्व समोरच्या बाजूची कारणे होती.

"चांगली बाजू मी तुमच्याकडे केली होती, मॅडम. मुलीला मागची आली. ती आत जाईपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही. धंद्याची सवय म्हणा, नाही तर माझी म्हणा."

बाईंनी फाइल उघडली, पेनाचे टोपण काढले आणि लिहिले काहीच नाही. "करा तुमचं काम," त्या म्हणाल्या. "मला साडेबाराला दुसरीकडे जायचंय."

काम सुरू झाले. पहिले दोन फलक बाजूच्या भिंतीच्या आधाराने उभे राहिले. तिसऱ्याला आधार नव्हता; तो धरायला उंच माणूस हवा होता. मुंगी टाचा उंचावून पाहत होती, परंतु तिचे हात फलकाच्या निम्म्यावर संपत होते.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "तेवढा जरा धरता का?"

पाहणीच्या बाईंच्या नोकरीत अशी विनंती त्यांना पूर्वी कोणी केली नसावी. त्यांनी फाइल पेटीवर ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी फलक धरला. त्यांच्या नाकासमोर बोटभर अंतरावर लिहिले होते, 'मागची बाजू, रंगवू नये'. मिस्त्री गुडघ्यांवर बसून पाचरी ठोकीत होते. एक डावीकडून, एक उजवीकडून. फलक बाईंच्या हातांत हळूहळू हलका होत गेला.

"सोडा आता."

"पडणार नाही ना?"

"सोडून बघा."

त्यांनी एकेक बोट सोडले. फलक उभा राहिला.

बारा वाजेपर्यंत दारही बसले. जिन्याच्या बाजूने ते सर्व किती ओबडधोबड दिसत होते हे सांगण्याची गरज नाही. बाईंनी सरस पाहिला, आकडे पाहिले, भिंतीपलीकडे मिस्त्रींची वळकटी कोठे पसरायची ती जागा पाहिली. मग तळहाताने भिंत ढकलली. मग खांद्याने. मुंगीने श्वास रोखला होता. भिंतीने नव्हे, ती आपली उभी होती.

"खिळा एकही नाही?"

"नाही."

"मग किती दिवस टिकेल ही?"

येथे 'जन्मभर' असे म्हणावयास हवे होते, हे मिस्त्रींना समजत होते. "खरं सांगू, मॅडम? माझ्या हातची भिंत तीन दिवसांवर कधी ठेवलीच नाही कुणी. त्यामुळे मलाही ठाऊक नाही. पाचरी लाकडाच्या आहेत, हवा बदलली की ढिल्या होतात. रोज सकाळी एकेक ठोका द्यावा लागेल. तो मी देईन."

"रोज?"

"रोज. बाहेरगावचं काम सोडतोय मी. ठेकेदाराला सांगितलंय, ह्याच गावातलं असेल तेवढंच. पैसे थोडे कमी येतील. ह्या जागेचं भाडं तेवढ्यात निघतं, म्हणून तर ही घेतली."

बाई आत जाण्यास निघाल्या, तोच मुंगी त्यांच्या हाताखालून आत निसटली आणि तिने दार लावून घेतले. बाई क्षणभर बंद दारापुढे थांबल्या. मग त्यांनी बोटाच्या पेराने दोन टकटक केल्या.

"कोण आहे?" आतून विचारणा झाली.

"पाहणीला आलेय मी."

"या. चपला काढा, आताच पुसलंय."

बाई आत किती वेळ होत्या आणि तेथे काय बोलणे झाले, हे मिस्त्रींना कळले नाही. दार चांगले बसले होते. शब्द बाहेर येत नव्हते. एकदा तेवढा दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मिस्त्री जिन्याच्या दाराशी भुसा झाडीत राहिले. झाडून झालेली जागा त्यांनी पुन्हा झाडली.

बाहेर आल्यावर बाईंनी उभ्याउभ्याच फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या. "दार लावता येणारी जागा आहे, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मुलगी इथे राहू शकते. सहा महिन्यांनी पुन्हा येईन, आणि त्या वेळी आधी कळवणार नाही. भिंत इथेच दिसायला हवी."

"दुसरीकडे कुठे जाईल, मॅडम."

"आणि हो, तिच्या कानात औषध घालायचं राहिलंय. आई विचारेल, असं मुलगीच म्हणाली."

त्या जिना उतरल्या. खाली मालकीणबाईंनी त्यांना गाठून "खिळे नाहीत ना मारले?" असे विचारलेले वरपर्यंत ऐकू आले.

मिस्त्रींनी वळकटी सोडून आपल्या जागी पसरली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या वाट्याला आता ओघळ, आकडे आणि त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर आले होते. त्यांना ते वाईट वाटले नाही. कच्च्या पट्ट्यांवर हातोडा, पट्टी, दाढीचे सामान नीट राहणार होते. कंपासपेटीपेक्षा ते जड होते. काही वेळाने त्यांना औषधाची आठवण झाली. बाटली घेऊन ते उठले, सवयीने दार ढकलण्यासाठी हात पुढे केला आणि तो हवेतच थांबवला.

मग त्यांनी दार वाजवले.

"कोण?"

"मी आहे."

"काय काम आहे?"

"कानात औषध घालायचंय."

"उद्या या," मुंगी म्हणाली. आणि मग खाटेवरून उडी मारल्याचा आवाज आला.